पॅनेलच्या पाठीवरचे आकडे

३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकलं. आमच्या काकांच्या वाडीतल्या निम्म्याहून जास्त पोफळी दोन-तीन तासांत आडव्या झाल्या आणि विजेचे खांब मुळापासून मोडले. घरात पुन्हा दिवा लागायला महिना उलटला. त्या महिनाभर काकू रोज संध्याकाळी कंदिलाची काच राखेनं पुसत बसायची, आणि काका मोबाइल चार्ज करायला जनरेटरवाल्याच्या दारात जाऊन थांबायचे. दिवाळीच्या सुमाराला त्यांचा फोन आला. म्हणाले, "तू ते सोलरच्या बॅटऱ्यांचं काम करतोस ना? मग आता आपल्या घरावर बसव. दिवे नि पंखे चालले पाहिजेत. बाकी काही नसलं तरी चालेल."

त्या घराचं काम करताना काकांनी मला जे जे प्रश्न विचारले, तेच मला बहुतेक गिऱ्हाईकं विचारतात. म्हणून त्याच घराच्या हिशोबावरून हे सगळं समजावून सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. अनुदानाच्या योजनेतून, म्हणजे २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतून, बहुतेक घरांवर बसतं ते सोलर वीज मंडळाच्या लाइनला जोडलेलं असतं. त्याला बॅटरी नसते. लाइन गेली की भर उन्हातसुद्धा ते बंद पडतं, आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं. नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरची वीज उलटी जाऊन झटका बसेल. बिल कमी करायला ही योजना उत्तम आहे, पण वादळानंतरच्या अंधारात ती कामाला येत नाही. त्यासाठी पॅनेल, चार्ज कंट्रोलर (पॅनेलची वीज बॅटरीला सोसेल तशी तिच्यात भरणारं यंत्र) आणि बॅटऱ्या असा वेगळा संसार मांडावा लागतो. हा लेख त्याबद्दल आहे.

बाजारात सोलर वॅटवर विकलं जातं. "एक किलोवॅटचं द्या," असं आपण म्हणतो आणि दुकानदार देतो. पण छपरावर गेल्यावर वॅट कोणी विचारत नाही. तिथे व्होल्ट आणि अँपिअर चालतात. मी पाहिलेल्या जळलेल्या कंट्रोलरांत आणि दोन वर्षांत मेलेल्या बॅटऱ्यांत वॅटचा हिशोब बहुतेक वेळा बरोबर होता. चुकलेले असायचे ते पॅनेलच्या पाठीवरच्या लेबलवरचे आकडे, जे कोणी वाचलेच नव्हते.

काकांच्या घरावर ५४० वॅटची दोन पॅनेल बसवली. पॅनेल उलटं करून अंगणात गोधडीवर ठेवलं आणि काकांना चष्मा लावून लेबल वाचायला सांगितलं. त्यावर पाच आकडे महत्त्वाचे होते. व्हीओसी, म्हणजे काहीही न जोडता उन्हात ठेवल्यावर दोन टोकांत मिळणारं व्होल्टेज: ४९.५. व्हीएमपी, म्हणजे जास्तीत जास्त काम करत असतानाचं व्होल्टेज: ४१.५. त्या वेळचा प्रवाह १३ अँपिअर. दोन टोकं एकमेकांना टेकवली तर वाहणारा प्रवाह १३.९ अँपिअर. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, एक वजाबाकीचं चिन्ह असलेला आकडा: तापमानाच्या प्रत्येक वाढीव अंशामागे व्हीओसीत ०.२७ टक्के घट. ह्या शेवटच्या आकड्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही, आणि कंट्रोलर मारतो तो हाच.

हे सगळे आकडे प्रयोगशाळेतले आहेत. ऊन एका चौरस मीटरवर १००० वॅट आणि पॅनेलमधल्या सिलिकॉनच्या चकतीचं, म्हणजे सेलचं तापमान २५ अंश, असं धरून ते काढलेले असतात. आपल्याकडे मे महिन्याच्या दुपारी सेल ६०-६५ अंशांना पोचतो. पॅनेल तापलं की व्होल्टेज पडतं आणि वॅटही पडतात. त्यामुळे १०८० वॅटच्या जोडीतून भर दुपारी ८००-९०० वॅट मिळाले तर मी समाधानी असतो. उन्हात जास्त वीज मिळते, पण उकाड्यात कमी होते. पावसाळा संपून ऑक्टोबरात आभाळ धुऊन निघालं की वाऱ्याच्या एखाद्या झुळकेत आकडा उडी मारून वर जातो, तो ह्यामुळेच.

आता ह्याच गोष्टीची उलटी बाजू पाहा. पॅनेल गार झालं की व्होल्टेज वाढतं.

निफाडजवळच्या एका द्राक्षबागेत मला दुरुस्तीसाठी बोलावलं होतं. शेडवर अशीच ५४०ची तीन पॅनेल सिरीजमध्ये, म्हणजे टॉर्चमधल्या सेलसारखी एकामागे एक, जोडलेली. कंट्रोलर १५० व्होल्टपर्यंतचा. मांडणाऱ्यानं गुणाकार केला होता: ४९.५ गुणिले ३ म्हणजे १४८.५. दीडशेच्या आत आहे, झालं! काम मे महिन्यात केलेलं होतं आणि सात महिने ते बिनतक्रार चाललं. मग डिसेंबरात थंडीची लाट आली. निफाडला पारा पाच अंशांवर आला की द्राक्षबागायतदार रात्रभर शेकोट्या पेटवून जागतात. त्या पहाटे पॅनेलही पाच अंशांना आलेलं असणार. २५ मधून ५ गेले, राहिले २०. वीस अंशांना ०.२७ टक्के म्हणजे ५.४ टक्के वाढ. १४८.५चे झाले साडेछप्पन्न आणि शंभर, म्हणजे १५६.५ व्होल्ट. सकाळचं कोवळं ऊन पडलं. त्यात जोर कमी असतो, पण व्होल्टेजला जोर लागत नाही. कोवळ्या उन्हातही ते जवळजवळ पूर्ण चढतं. पॅनेल तापायला अजून अर्धा तास होता. तेवढ्यात कंट्रोलर गेला. मी झाकण उघडलं तेव्हा आत एक काळा डाग आणि जळक्या रेझिनचा वास. व्होल्टेज मर्यादेपेक्षा वर गेलं तर कंट्रोलरला सांभाळून घ्यायला वेळ मिळत नाही, आणि ही चूक वॉरंटीतही बसत नाही.

अँपिअरचं तसं नाही. पॅनेलकडून जरा जास्त अँपिअर आले तर चांगला कंट्रोलर जेवढे हवेत तेवढेच घेतो, बाकी सोडून देतो. म्हणून कंट्रोलर निवडताना व्होल्टच्या मर्यादेत कंजुषी कधीच करायची नाही. आपल्या गावातली वर्षातली सगळ्यात थंड पहाट कोणती, ते आठवा, तेवढ्या तापमानाचं व्हीओसी काढा, आणि वर दहा टक्के सोडा.

काकांच्या घरी दोन पॅनेल सिरीजमध्ये म्हणजे ९९ व्होल्ट. दुकानात १०० व्होल्टचा कंट्रोलर स्वस्त मिळत होता आणि काका म्हणाले, "एक व्होल्ट राहतोय की!" श्रीवर्धनला निफाडसारखी थंडी कुठली, हे खरंच. पण जानेवारीत पहाटे १५ अंश होतात. दहा अंशांचा फरक, २.७ टक्के, आणि ९९चे झाले १०१.७. मी १५० व्होल्टचा घेतला.

मग दोन पॅनेल सिरीजमध्ये जोडायची तरी कशाला? एकमेकांशेजारी, पॅरललमध्ये, जोडली असती तर व्होल्टेज ४९.५च राहिलं असतं आणि स्वस्त कंट्रोलर चालला असता. ह्याचं उत्तर वायरमध्ये आहे.

छपरापासून बॅटऱ्यांच्या खोलीपर्यंत वीस मीटर अंतर. जायला वीस आणि यायला वीस, म्हणजे चाळीस मीटर तांबं. एक मीटर लांब, एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध साधारण ०.०१७५ ओहम असतो. हा एक आकडा पाठ करून ठेवा, आयुष्यभर पुरतो. चार स्क्वेअरची, म्हणजे चार चौरस मिलिमीटरची, केबल वापरली तर चाळीस गुणिले ०.०१७५ भागिले चार, म्हणजे ०.१७५ ओहम. सिरीजमध्ये प्रवाह १३ अँपिअर, म्हणून वाटेत २.३ व्होल्ट पडतात आणि तीसेक वॅट केबल गरम करण्यात जातात. पॅरललमध्ये प्रवाह २६ अँपिअर. व्होल्ट पडतात ४.५ आणि वाया जातात ११८ वॅट. प्रवाह दुप्पट झाला की नुकसान चौपट होतं. म्हणजे पॅनेलचा नववा हिस्सा केबलमध्येच खलास. तो वाचवायचा तर चौपट जाड केबल घ्यावी लागेल, आणि तांब्याचे भाव सगळ्यांना माहीत आहेत. म्हणून लांबचा पल्ला जास्त व्होल्टवर आणि कमी अँपिअरवर काढायचा. वीज मंडळही गावापर्यंत हजारो व्होल्टवर वीज आणतं, त्याचं कारण हेच.

सावलीचा विचारही करावा लागतो. सिरीजमध्ये सगळ्या पॅनेलमधून एकच प्रवाह जातो, त्यामुळे एकावर सावली पडली की सगळ्यांची अडवणूक होते. पॅनेलच्या मागच्या डबीत बायपास डायोड असतात, बहुधा तीन. ते सावलीतल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे जाऊ देतात, पण तेवढ्या भागाचं व्होल्टेज जातं. काकांच्या घराच्या पश्चिमेला एक माड आहे. त्याची एक झावळी दुपारी तीननंतर पॅनेलच्या कोपऱ्यावर यायची. नुसती एक झावळी, पण मीटरवर आकडा सरळ खाली यायचा. माड तोडायचा प्रश्नच नव्हता. पॅनेलचा सांगाडा सहा फूट पूर्वेला सरकवला.

आता चार्ज कंट्रोलर. तो दोन जातींचा असतो आणि ह्या दोघांत खूप फसवाफसवी चालते.

जुनी जात पीडब्ल्यूएम. हा पॅनेल थेट बॅटरीला जोडतो आणि बॅटरी भरत आली की वेगानं चालू-बंद करून प्रवाह कमी करतो. साधा, टिकाऊ, स्वस्त. पण पॅनेलला तो बॅटरीच्या व्होल्टेजवर ओढून आणतो. बारा व्होल्टच्या बॅटरीसाठी बनवलेलं छोटं ३६ सेलचं पॅनेल असेल तर फारसं बिघडत नाही. पण घरात आधीच असलेल्या १२ व्होल्टच्या इन्व्हर्टर-बॅटरीला कोणी ३३० वॅटचं मोठं पॅनेल पीडब्ल्यूएमवरून जोडलं, की घोटाळा होतो. ते पॅनेल ३७.५ व्होल्टला ८.८ अँपिअर देणारं. बॅटरी १३ व्होल्टवर. अँपिअर तेवढेच राहतात, ८.८ गुणिले १३ म्हणजे ११४ वॅट. पैसे मोजले ३३०चे आणि मिळाले ११४.

नवी जात एमपीपीटी. हा पॅनेलला त्याच्या सोयीच्या व्होल्टेजवर काम करू देतो आणि आत व्होल्ट उतरवून त्याच्या बदल्यात अँपिअर वाढवतो. काकांच्या पॅनेलकडून ८३ व्होल्ट आणि १३ अँपिअर आले, म्हणजे १०८० वॅट. बॅटऱ्यांचा संच २४ व्होल्टचा; तो भरताना २६ व्होल्टवर असेल तर १०८० भागिले २६, साधारण ४१ अँपिअर बॅटरीत जातात. त्यातून थोडी उष्णता वजा. म्हणून कंट्रोलर ६० अँपिअरचा घेतला. कंट्रोलरवर लिहिलेले अँपिअर बॅटरीच्या बाजूचे असतात आणि व्होल्टची मर्यादा पॅनेलच्या बाजूची असते, हे विसरायचं नाही.

म्हसळ्याकडच्या एका गृहस्थांनी ऑनलाइन एका दुकानातून फार स्वस्तात एमपीपीटी मागवला होता. खोक्यावर मोठ्या अक्षरात एमपीपीटी, ६० अँपिअर. हातात घेतल्याबरोबर मला शंका आली, कारण तो तळहाताएवढा आणि अगदी हलका होता. खऱ्या ६० अँपिअरच्या एमपीपीटीत तांब्याच्या तारेची जाड वेटोळी आणि मागे ॲल्युमिनियमचे पंखे असतात. तो किलोभर तरी जड लागतो. मी क्लॅम्प मीटर काढला. पॅनेलच्या वायरवर लावला: ८.१ अँपिअर. बॅटरीच्या वायरवर लावला: ८.१. दोन्हीकडे सारखेच अँपिअर, म्हणजे आत पीडब्ल्यूएमच आहे. खरा एमपीपीटी असता तर बॅटरीकडचा आकडा ठळक मोठा दिसला असता. ही तपासणी दोन मिनिटांची आहे आणि ती कोणालाही करता येते. त्या गृहस्थांना पैसे परत मिळाले नाहीत. त्यांच्या मुलीच्या दहावीच्या वर्षासाठी ते सगळं केलेलं होतं, म्हणून मला फार वाईट वाटलं.

बॅटऱ्यांकडे वळू. काकांच्या घरचा हिशोब कागदावर मांडला तो असा: नऊ वॅटचे पाच दिवे पाच तास, २२५. तीस वॅटचे तीन बीएलडीसी पंखे दहा तास, ९००. टीव्ही तीन तास, १८०. वायफायचा राउटर दिवसरात्र, २४०. एवढीशी डबी पण चोवीस तास चालते, म्हणून दिव्यांपेक्षा जास्त खाते. मोबाइल ६०. एकूण १६०० वॅट-तास, आणि इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरून २०००, म्हणजे दोन युनिट. फ्रिज लाइनवरच ठेवला. जुने ७५ वॅटचे पंखे असते तर तेच ९००चे सव्वादोन हजार झाले असते. म्हणून बॅटरी वाढवण्याआधी पंखे बदला, असं मी प्रत्येकाला सांगतो.

बॅटऱ्या घेतल्या १५० एएचच्या (एएच म्हणजे अँपिअर-तास) चार, उंच ट्युब्युलर. इथे सी-१० आणि सी-२० बघून घ्यायचं. सी-१० म्हणजे दहा तासांत रिकामी केली तर एवढे एएच मिळतील. तीच बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर जास्त एएच देते, म्हणून तिच्यावर मोठा आकडा छापता येतो. दोन बॅटऱ्यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच जातीचे आहेत ना, एवढं पाहा.

दोन-दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे २४ व्होल्ट, आणि अशा दोन जोड्या पॅरललमध्ये म्हणजे ३०० एएच. एकूण ७२०० वॅट-तास. शिशाची बॅटरी रोज निम्म्यापेक्षा जास्त उतरवली तर तिचं आयुष्य झपाट्यानं घटतं, म्हणून ३६०० धरायचे. जवळजवळ दोन दिवस निघतात. कोकणातल्या जुलैसाठी हे लागतंच. तिथे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही आणि पॅनेल निम्म्याहून कमी देतात.

काका म्हणाले, "दोनच बॅटऱ्या घेऊ, वाटलं तर पुढच्या वर्षी आणखी दोन लावू." ह्याला मी दोन कारणांनी नाही म्हटलं. एक म्हणजे चार्जिंगचा प्रवाह. शिशाच्या बॅटरीला तिच्या एएचच्या दहा टक्क्यांच्या आसपास प्रवाह मानवतो. ३०० एएचला ४१ अँपिअर म्हणजे १४ टक्के, चालतं. १५० एएचला तेच ४१ अँपिअर म्हणजे २७ टक्के; पाणी उकळल्यासारखं बुडबुडत राहतं आणि प्लेटा खराब होतात. दुसरं म्हणजे जुन्या बॅटरीला नवी जोडायची नाही. जुनी लवकर भरते, लवकर उतरते, आणि नवीला आपल्या वयाला आणून सोडते.

जोडणीत एक बारकावा आहे, तो मात्र नीट डोळ्यासमोर आणा. दोन जोड्या शेजारी-शेजारी आहेत. पहिल्या जोडीचं धन टोक दुसऱ्या जोडीच्या धन टोकाला जोडलं, तसंच ऋण टोक ऋणाला. आता कंट्रोलर आणि इन्व्हर्टरकडे जाणाऱ्या दोन वायरी कुठून काढायच्या? बहुतेक जण दोन्ही वायरी पहिल्याच जोडीवरून काढतात, कारण ती जवळ असते. मग पहिल्या जोडीला वाट जवळची आणि दुसरीला लांबची. अशा कामात पहिली जोडी रोज जास्त राबते आणि आधी मरते. म्हणून धन वायर पहिल्या जोडीवरून काढायची आणि ऋण वायर दुसऱ्या जोडीवरून, तिरकी. मग दोघींची वाट सारख्या लांबीची होते. ह्याला एक रुपयाही जास्त लागत नाही.

कंट्रोलर बॅटरीच्या शेजारीच हवा, दीड मीटरच्या आत, आणि वायर जाड. काकांकडे सोळा स्क्वेअर वापरली: ४१ अँपिअरला जेमतेम ०.१३ व्होल्ट पडतात. हीच वायर चार स्क्वेअरची आणि पाच मीटर लांब असती तर जवळजवळ दोन व्होल्ट पडले असते. वायर तर तापलीच असती, शिवाय कंट्रोलरला आपल्या टोकाशी २८.८ दिसले असते आणि बॅटरीला २७च मिळत असते. बॅटरी भरत आली असं समजून तो हात आखडता घेतो. वर्षभर असं अर्धपोटी राहिलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर कडक थर बसतो, आणि मालक म्हणतो बॅटरी खराब निघाली.

२८.८ हा आकडा कुठला, तेही सांगतो. बारा व्होल्टच्या शिशाच्या बॅटरीला भरताना साधारण १४.४ व्होल्टपर्यंत न्यायचं, तिथे काही तास धरायचं, मग १३.५-१३.८वर उतरवून नुसतं राखायचं. २४ला दुप्पट. हे २५ अंशांचे आकडे. बॅटरी तापली की हे उतरवावे लागतात. ३५ अंशांना २४ व्होल्टच्या संचाचे सुमारे अर्धा व्होल्ट कमी. त्यासाठी कंट्रोलरबरोबर तापमानाची एक छोटी वायर येते, टोकाला थेंबासारखा सेन्सर असलेली. ती बॅटरीच्या अंगाला चिकटवायची असते. मला ती अनेक घरांत खोक्यातच पडलेली सापडते. चंद्रपूरच्या मे महिन्यात, बाहेर ४५ अंश असताना, ती वायर न लावलेल्या बॅटरीचं पाणी भराभर आटतं. लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी घ्याल तर आकडे वेगळे आणि इक्वलायझिंग, म्हणजे अधूनमधून मुद्दाम जास्त व्होल्टेज देणं, पूर्ण बंद, म्हणून कंट्रोलरमध्ये बॅटरीचा प्रकार बदलल्याशिवाय ती जोडायची नाही.

आता ज्यानं आग लागते ते. घरातला नेहमीचा एसी एमसीबी पॅनेलच्या वायरवर लावायचा नाही. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे एमसीबी उघडताना उडालेली ठिणगी त्या शून्यावर विझते. डीसीला शून्य नसतंच. ठिणगी ताणली जाते, वेल्डिंगसारखी जळत राहते, आणि एमसीबीचं प्लास्टिक वितळतं. डीसी एमसीबीच घ्यायचा, पॅनेलच्या थंडीतल्या व्होल्टेजपेक्षा मोठ्या आकड्याचा. त्यावर अधिक-वजाची खूण असेल तर ती पाळायची. उलटा लावला तर तोही ठिणगी विझवू शकत नाही. एमसी-४ची, म्हणजे पॅनेलच्या वायरी जोडायच्या प्लगांची, जोडणीही चालू प्रवाहात ओढून काढायची नाही, त्याच कारणासाठी.

बॅटरीच्या धन टोकाशेजारी फ्यूज हवाच. कंट्रोलरच्या वायरला ६० अँपिअरचा, इन्व्हर्टरच्या वायरला १२५चा. तो फ्यूज यंत्र वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो, म्हणून तो यंत्राकडे नाही तर बॅटरीकडे. उंदरानं वायर कुरतडून धन-ऋण टेकले तर बॅटरी हजारो अँपिअर सोडू शकते. काम करताना मी अंगठी आणि घड्याळ काढून ठेवतो आणि पान्याच्या मुठीला टेप गुंडाळतो.

इन्व्हर्टर नेहमी थेट बॅटरीला. कंट्रोलरवर बल्बचं चित्र असलेली दोन टोकं असतात, ती छोट्या डीसी दिव्यासाठी असतात. तिथे इन्व्हर्टर जोडला की सुरू होतानाच्या ओढीनं ती जळतात. आणि लाइनवर चार्ज होणारा इन्व्हर्टर असेल तर त्याचं चार्जिंग दिवसा बंद ठेवा. नाहीतर सकाळीच तो बॅटरी भरून ठेवतो आणि दिवसभर सूर्य नुसता पॅनेल तापवतो.

सांध्यांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण किनाऱ्यावर सगळा जीव सांध्यांतच असतो. तांब्याची वायर सोलून, पिळून, स्क्रूखाली दाबली की त्या दिवशी सगळं ठीक चालतं. सहा महिन्यांनी खारी हवा आत शिरते. वायरीचे केस हिरवे पडतात, बॅटरीच्या टोकावर निळसर-पांढरी भुकटी फुलते, आणि तो सांधा कोमट लागायला लागतो. म्हणून कलई केलेली सोलर केबल, कलईचे लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची टोपी), आणि लग पक्कडीनं नाही तर क्रिंपिंगच्या यंत्रानं दाबलेला. दाबल्यावर मी लग एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जोरानं ओढतो. एक तार जरी सुटली तरी कापून पुन्हा. वर हीट श्रिंक, टोकाला पेट्रोलियम जेली. एमसी-४च्या दोन बाजू एकाच कंपनीच्या घ्यायच्या. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बसतात खऱ्या, पण आत पत्रा नीट टेकत नाही. आणि सगळं सुरू करून अर्धा तास झाला की प्रत्येक सांध्याजवळ, वरच्या आवरणावर, हात फिरवायचा. जो गरम लागेल तो पुन्हा उघडायचा.

अर्थिंग आणि विजेच्या लोळापासून बचाव टाळायचा नाही. पॅनेलची चौकट आणि सांगाडा स्वतंत्र वायरीनं जमिनीत, आणि कंट्रोलरआधी डीसी सर्ज प्रोटेक्टर. आपल्याकडे मे-जूनच्या आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात जवळपास कुठेही वीज पडली तरी लांब वायरीत लाट उठते. बॅटऱ्या हवेशीर जागी ठेवायच्या, स्वयंपाकघराला लागून कधीच नाही. भरताना त्यांतून हायड्रोजन सुटतो.

जोडायचा क्रम पक्का आहे: आधी बॅटरी, मग पॅनेल. कंट्रोलर बॅटरी बघून ठरवतो की आपण बारावर आहोत की चोवीसवर. पॅनेल आधी जोडलं तर त्याला ना बॅटरी सापडते, ना आलेली वीज ठेवायला जागा. काढताना उलट: आधी पॅनेल, मग बॅटरी. सूर्याला बटण नसतं, म्हणून काम चालू असेपर्यंत पॅनेलवर गोधडी टाकून ठेवायची. दोन पॅनेलच्या सिरीजमध्ये शंभर व्होल्ट डीसी असतात, आणि ओल्या हाताला ते जीवघेणे ठरू शकतात.

काकांकडे गोधडी काढली तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. आधी मल्टिमीटरनं पॅनेलची टोकं तपासली: ९५.८ व्होल्ट, अधिक अधिकाकडे, वजा वजाकडे. एमसीबी वर केला. कंट्रोलरच्या पडद्यावर आधी सहा अँपिअर, मग अकरा, मग हळूहळू तेवीस. काकू पदराला हात पुसत दारात उभी होती. तिनं विचारलं, "आता हा आकडा वाढला तर चांगलं की कमी झाला तर?" सकाळी वाढला तर चांगलं, आणि दुपारी बॅटरी भरल्यावर कमी झाला तर चांगलं, असं तिला सांगितलं.

बॅटऱ्यांच्या खोलीत दारामागे एक वही टांगून ठेवली आहे. दर रविवारी सूर्य उगवायच्या आधी काकू चारही बॅटऱ्यांचं व्होल्टेज वेगवेगळं मोजून त्यात लिहिते, आणि महिन्यातून एकदा डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघते. चौघींत दोन दशांशापेक्षा जास्त फरक पडला तर मला फोन करायचा, असं ठरलेलं आहे. आतापर्यंत एकदाच फोन आला. तिसऱ्या बॅटरीचा नट सैल झाला होता. काकूनं सांगितल्याप्रमाणे आधी पॅनेलचा एमसीबी पाडला, इन्व्हर्टर बंद केला, टेप गुंडाळलेला पाना घेतला आणि नट स्वतःच आवळला.